यादीतले तिघे

माझ्या थोरल्या मुलाचा धंदा म्हणजे लोकांना घाबरवणं. कारखान्यात तो सुरक्षा अधिकारी आहे. कुठे तेल सांडलंय, कुठे वायर लोंबतेय, कोणाच्या डोक्यावर हेल्मेट नाही, हे बघत दिवसभर फिरायचं आणि संध्याकाळी त्याचा अहवाल लिहायचा. असा माणूस पोटी आला की आपलं घर आपलं राहत नाही. माझ्या दारातलं पायपुसणं त्याला पायपुसणं म्हणून दिसतच नाही, घसरण्याची शक्यता म्हणून दिसतं.

गेल्या वर्षी मी स्वयंपाकघरात खरोखरच घसरले. हाडबीड काही मोडलं नाही, नुसता घोटा सुजला. पण तिघा मुलांनी असा गहजब केला की जणू मी कड्यावरून कोसळले. थोरला म्हणाला, घर बंद करू, आई माझ्याकडे चौदाव्या मजल्यावर येईल. मधली म्हणाली, चार-चार महिने वाटून घेऊ. ती दातांची डॉक्टर आहे. काही दुखायला लागलं की मुळापासून उपटायचं, एवढंच तिला सुचतं. धाकटा लांब परदेशात असतो. तो नेहमीप्रमाणे तोंडात मिठाची गुळणी धरून बसला.

शेवटी तह झाला. सहा महिने हॉलमध्ये कॅमेरा लावायचा. या सहा महिन्यांत आई एकदाही पडली नाही तर ती इथेच राहील आणि पुन्हा कोणी हा विषय काढायचा नाही. पडली तर सामान बांधायचं. मी हो म्हणाले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी सूनबाईच्या हवाबंद घरात जाऊन राहायची माझी मुळीच इच्छा नव्हती. तिचीही नव्हती; तेवढ्या एका मुद्द्यावर आमचं दोघींचं छान जमतं. पण खरं कारण निराळं होतं. या घरातलं प्रत्येक बटण मला डोळे मिटून सापडतं. हे गेले ते याच घरात, त्या खिडकीजवळच्या पलंगावर. दुसरीकडे कुठेही मी पाहुणीच असणार, आणि पाहुणी म्हणून मला मरायचं नाही.

तर कॅमेरा आला. थोरल्याने तो कपाटाच्या वर, छताला लागून, असा बसवला की हॉल, जेवणाचं टेबल आणि स्वयंपाकघराचं दार एका नजरेत यावं. तिघांच्याही मोबाइलवर चित्र दिसायचं. कोणी बघायला लागलं की कॅमेऱ्यावर हिरवा दिवा लागायचा. वर बोलायचीही सोय होती. त्यामुळे मी निवांत बसून पेपर वाचत असावं आणि कपाटावरून आकाशवाणी व्हावी, "आई, पाय खाली सोडून बसू नकोस, सूज येते." मधली बोलली की विषय गोळ्या. थोरला बोलला की विषय स्टूल. आणि कधी नुसताच दिवा लागायचा, दहा-दहा मिनिटं लागून राहायचा आणि विझायचा. तो धाकटा. सहा महिन्यांत त्याने एक अक्षर काढलं नाही.

आता हे बघणं-ऐकणं मला कोणी शिकवू नये. मी अडतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. ज्या काळात परगावी बोलायचं तर आधी नंबर नोंदवावा लागायचा, त्या काळात बोर्डावर माझ्यासमोर दीडशे दिवे असायचे. दिवा लागला म्हणजे कोणीतरी लाइन मागतंय. आपण वायर खोचायची, पलीकडच्याला जोडून द्यायचं, आणि लागलं एवढं ऐकलं की आपली कळ बंद करायची. कळ उघडी ठेवून लोकांचं बोलणं ऐकणारी ऑपरेटर आमच्यात सगळ्यात खालच्या दर्जाची मानली जायची. मी तसलं कधी केलं नाही. माझी ख्याती निराळी होती. तीन मिनिटं झाली की मी मध्ये तोंड घालून विचारायची, "बोलणं झालं का?" आणि उत्तराची वाट न बघता लाइन कापायची. त्यामुळे सगळं एक्सचेंज मला कात्री म्हणायचं. माझ्या कात्रीखाली किती लग्नं जुळता जुळता राहिली असतील याचा हिशोब मी ठेवलेला नाही.

सहा महिने संपायला चार दिवस उरले असताना, बुधवारी सकाळी, कपाटावरून थोरल्याचा आवाज आला. "आई, लेन्ससमोर कोळ्याचं जाळं झालंय. अर्धा हॉल दिसत नाही. पुसून घे."

"बरं."

"पण स्टुलावर चढू नकोस."

"मग काय उडू?"

"कोणाला तरी सांग ना!"

मी दुपारपर्यंत वाट बघितली, कोणी आलं नाही, मग मी मलाच सांगितलं. चार वाजून दहा मिनिटांनी स्टूल घेतलं, फडकं घेतलं, वर चढले, जाळं पुसलं. कोळी चांगला जाडजूड होता, तो माझ्या मनगटावर आला. मी हात झटकला आणि स्टुलासकट खाली आले.

कंबरेवर पडले. पहिली दोन मिनिटं नुसते तारेच दिसले. मग वर बघितलं. कॅमेरा समोरच होता, स्वच्छ पुसलेला, डोळे वटारून बघणारा. दिवा बंद होता. एरवी मी नाक खाजवलं तरी लागणारा दिवा त्या दिवशी लागला नाही. मी हाक मारली, जरा वाट बघितली, पुन्हा मारली. शेवटी टेबलाच्या पायाला धरून, सरपटत, त्या टेबलाला शिव्या घालत मी उठले. घड्याळ बघितलं तर चार बत्तीस झाले होते.

उठल्यावर मला दुखण्याच्या आधी आठवला तो तह. कोणी बघितलं नव्हतं हे खरं, पण कॅमेऱ्याच्या पोटात एक कार्ड असतं आणि त्यावर सात दिवसांचं सगळं साठतं. थोरला दर शनिवारी संध्याकाळी चहा पीत आठवडाभराचं चित्र पळवून बघतो. त्याला तो साप्ताहिक आढावा म्हणतो. म्हणजे माझ्या हातात शनिवारपर्यंतचा वेळ होता. त्याआधी या तिघांची लाइन कापायला हवी होती.

कापण्यात तर माझा हात धरणारं कोणी नाही.

थोरला खोकी टाकत नाही. कॅमेऱ्याचं खोकं माळ्यावर नव्हतं, नशीब माझं, पलंगाखाली होतं. आत माहितीपुस्तिका, मदतीचा फोन नंबर, आणि खोक्याच्या तळाला एक चिठ्ठी चिकटवलेली: कॅमेऱ्याचा पत्ता, वापरणाऱ्याचं नाव, पासवर्ड. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, असं तिथेच लाल अक्षरांत लिहिलेलं. जगाला सुरक्षेचे धडे देणाऱ्या माझ्या लेकाने तो बदलला नव्हता. मी टॅबवर ते आकडे टाकले आणि सरळ आत गेले.

आत म्हणजे कॅमेऱ्याचं कार्यालयच होतं. डाव्या बाजूला एकाखाली एक नावं: चित्र, आवाज, नोंदी, नेटवर्क. चित्र पुसायची सोय शोधली, ती काही सापडली नाही. मग गुरुवारी सकाळी मदतीच्या नंबरावर फोन लावला. वीस मिनिटं बासरी ऐकवल्यावर एक बाई आली. आवाज गोड, पण पाठ केलेला.

"बोला मॅडम, मी तुमची काय मदत करू शकते?"

"माझ्या घरात तीन जण डोकावतात. ते बंद करायचेत."

"अरे बापरे. पोलिसांत कळवलंत का?"

"माझीच पोरं आहेत."

ती हसली, आणि आवाज एकदम माणसात आला. "काकू, ते कॅमेरा थेट बघतात की कंपनीच्या ॲपमधून?"

"थेट. मोठ्याचा कंपनीवर विश्वास नाही."

"मग सोपं आहे. आधी नोंदींमध्ये जा. तिथे कोण कुठून आत आलं ते दिसेल. प्रत्येकाच्या नेटचा एक पत्ता असतो, आकड्यांचे चार गट, मध्ये टिंबं."

दिसले. तेच तीन पत्ते, पानंच्या पानं. अगदी आमच्या परगावच्या ट्रंक कॉलच्या चिठ्ठ्यांसारखे. एक पत्ता सकाळी आणि शनिवारी, तो थोरला. एक जेवणाच्या सुट्टीत, ती मधली. आणि तिसरा भलत्याच वेळांना, पण रोज. एक दिवस चुकलेला नाही. मी ते तिन्ही वहीत उतरवून घेतले.

"आता नेटवर्क उघडा. त्यात प्रवेश. त्यात पत्त्यांची यादी. तिथे हे तिन्ही घाला. आणि काकू, एक लक्षात ठेवा, स्वतःचा पत्ता..."

एवढ्यात तिच्या आवाजाची पातळी किंचित खाली गेली. मला लगेच कळलं. "बाई, तुमची सुपरवायझर ऐकतेय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कळ उघडली की आवाज पडतो. अडतीस वर्षं केलंय."

"काकू, आम्हाला एका कॉलला सहाच मिनिटं देतात हो. ऐका पटकन. यादीच्या वर दोन गोल दिसतील, त्यातला..."

आणि लाइन कापली गेली. माझी! आयुष्यभर जिने दुसऱ्यांच्या लाइनी कापल्या, त्या मलाच कोणीतरी सहा मिनिटांत कापलं, आणि वर साधं "बोलणं झालं का" पण विचारलं नाही.

पण मला पुढचं सांगायची गरज होती कुठे? यादी म्हणजे काय हे मला ती काय शिकवणार. एक्सचेंजमध्ये बोर्डाच्या वर एकच यादी टाचलेली असायची: ज्यांना लाइन द्यायची नाही त्यांची. शिवराळ माणसं, रात्रीबेरात्री मुलींना त्रास देणारे, खोटे आगीचे फोन करणारे. यादीत नाव गेलं की त्याने दिवा कितीही पेटवावा, आपण ढुंकून बघायचं नाही. मी तिन्ही पत्ते घातले, वरच्या गोलांकडे लक्षही दिलं नाही आणि बटण दाबलं.

पडदा पांढरा झाला. प्रवेश नाही, असं आलं. पुन्हा आकडे टाकले, पुन्हा तेच. मी म्हटलं, वा! माझंच बंद झालं म्हणजे सगळ्यांचंच झालं. काम फत्ते.

दोन तासांनी, दीडच्या सुमाराला, हिरवा दिवा लागला. मधलीची जेवणाची सुट्टी. मी खुर्चीत मागे रेलले आणि मनापासून हसले. दिवा लागलाय म्हणजे लाइन मागतेय बिचारी. माग, माग. इथे ऑपरेटर जेवायला बसलीय.

मग मी जी काही सुटले! सहा महिने त्या डोळ्यासमोर मी ताठ चालत होते, पदर सारखा करत होते, पोटातलं ओठांवर येऊ देत नव्हते. ते सगळं फेकून दिलं. लंगडायला लागले. साडी जरा वर करून सगळ्यांसमोर कंबरेला मलम चोळलं. सगळ्यांसमोर म्हणजे कोणासमोरच नाही. स्टूल पुन्हा कपाटाला लावलं आणि नुसतंच ठेवलं, त्याला खुन्नस म्हणून. आणि दिवा लागला की त्याच्याकडे तोंड करून बोलायचे. एक्सचेंजमध्ये आम्ही असंच करायचो. लाइन बंद असली की बोर्डावरच्या दिव्याला हव्या तेवढ्या शिव्या देता येतात.

मधलीला म्हणाले, "गोळ्या! रोज गोळ्या! कधी विचारलंस का गं, आई, आज काय वाचलंस? माझ्या तोंडात औषधाशिवाय दुसरं काही जातं-येतं हे तुला माहीतच नाही. आणि दात मोज म्हणावं, एकोणीस आहेत अजून."

शुक्रवारी सकाळी थोरला. "ये बाबा, उंटावरच्या शहाण्या. जाळं पूस म्हणालास ना? पुसलं. पडले. लिही तुझ्या अहवालात. कंबर काळीनिळी झालीय. बावीस मिनिटं त्या तिथे फरशीवर पडून होते आणि तुझा हा डोळा ढिम्म. लहानपणी तू झाडावरून पडलास तेव्हा मी हातातला डाव टाकून धावले होते. तुला काय आठवणार म्हणा, तुला टोपी नव्हती तेवढंच आठवत असेल."

आणि संध्याकाळी पाच वाजता, भलत्या वेळी, तो तिसरा. त्याच्याशी मला भांडता येईना. रोज येणारा, एकदाही न चुकणारा आणि एकदाही न बोलणारा. मी टेबलाशी बसले. म्हटलं, "तू कोणाची कळ उघडी ठेवून ऐकतोस रे? आम्ही असल्या माणसाला नावं ठेवायचो. तुला बोलायचं नसेल तर बघतोस कशाला, आणि बघतोस तर बोलत का नाहीस? मी मेले तरी तू असाच दहा मिनिटं बघशील आणि जाशील." हे म्हणताना माझा आवाज फुटला. कोणी ऐकत नव्हतं म्हणून मी तो फुटू दिला. दिवा अर्धा तास लागून राहिला.

रविवारी अकरा वाजता टॅबवर तिघांचा एकत्र फोन आला. तह संपायचा दिवस. मी इस्त्रीची साडी नेसून, पाठीला उशी लावून ताठ बसले होते. तिघे तीन चौकोनांत आले. कोणी हसेना.

"कशी आहेस?" थोरल्याने विचारलं.

"ठणठणीत. सहा महिने झाले. पडले नाही. आता तो डोळा उतरवा."

थोरल्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आई, तू कॅमेऱ्याच्या यादीत आमचे पत्ते घातलेस ना?"

मी पाठीमागची उशी सारखी केली. "कोण म्हणतं?"

"त्या यादीच्या वर दोन पर्याय असतात. यादीतल्यांना आत सोडू नका, किंवा फक्त यादीतल्यांनाच सोडा. तिथे दुसरा लागलेला होता. तू आम्हाला बंद नाही केलंस. आम्हा तिघांना सोडून बाकी अख्ख्या जगाला बंद केलंस. स्वतःलासुद्धा."

अडतीस वर्षांत मी राँग नंबर जोडला नव्हता हो. जोडला तो असा. सगळं आठवलं: मलम, शिव्या, एकोणीस दात. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं, पण माझ्या घराची फरशी घट्ट आहे. मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही सगळं ऐकलंत."

"सगळं," मधली म्हणाली. तिचे डोळे लाल होते. "मी बोलणार होते गं पहिल्याच दिवशी. पण तू इतकी मोकळी बोलत होतीस की मध्ये तोंड घालायची हिंमत झाली नाही."

"मग झालं तर," मी म्हणाले. "पडले. तह मोडला. बांधा सामान." खिडकीकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर तिथेच रडले असते.

थोरल्याने नुसतं बुधवारचं चित्र लावलं. चौघांसमोर मी स्टुलावर चढले, हात झटकला आणि खाली आले. मला वाटलं, आता थांबवेल, आणि म्हणेल, बघा. पण त्याने चालूच ठेवलं. फरशीवर पडलेली म्हातारी वर बघत होती. आणि मग तिचा आवाज आला, माझा आवाज, ड्युटीवरचा, स्वच्छ आणि सावकाश: "हॅलो. हॅलो. आहे का कोणी लाइनवर?" जरा थांबून पुन्हा तेच. मी मुलांच्या नावाने हाका मारल्या असं मला वाटत होतं. नव्हत्या मारल्या. मी हॅलो म्हणत होते, अकरा वेळा.

बावीस मिनिटं कोणी चित्र पुढे पळवलं नाही. मी एकदा म्हटलं, पुरे, तर थोरला म्हणाला, "असू दे."

संपल्यावर मधली म्हणाली, "मला वाटलं दादा बघत असेल."

"मला वाटलं तू," थोरला म्हणाला.

धाकट्याने चौकोनातून मान बाहेर वळवली होती.

मग थोरल्याने एक कागद काढला. त्याने खरोखरच अहवाल लिहिला होता, मेल्याला दुसरं काही येत नाही. वाचताना त्याचा आवाज कारखान्यातल्यासारखा नव्हता. "अपघाताचं कारण: उंचीवरचं जाळं पुसण्याची सूचना. सूचना देणारा: मी. उपकरण चालू होतं. उपकरणामागे माणूस नव्हता." कागद बाजूला ठेवला. "आई, त्यात पडलीस तेवढी तुझी चूक. बाकीची आमची. तू कुठेही जायचं नाहीस."

मधलीने मान हलवली. धाकट्यानेही हलवली, पाठमोरीच.

मी लगेच विरघळले नाही. वयाचा मान असतो. मी म्हटलं, राहीन, पण एक्सचेंजच्या नियमाने. यादी माझ्या हातात. माझा पत्ता सगळ्यात वर. आणि आमच्याकडे न बोलता ऐकणाऱ्याला जी किंमत होती ती इथेही: ज्याने दिवा लावला त्याने बोलायचं. नुसतं बघून जायचं नाही. जो गेला तो यादीतून गेला. दुपारी थोरल्याने फोनवर एकेक बटण सांगत कॅमेरा पुसून कोरा करवला, त्याच्या पाठीवरच्या भोकात टोचायला एक पिन लागली, ती मी स्टुलाशिवाय कशी पोचवली ते विचारू नका. यावेळी दोन्ही गोल मी चष्मा लावून वाचले. पासवर्डही बदलला. तो कात्री नाही, तेवढंच सांगते.

सोमवारी सकाळी मी ब्लाउजला हूक लावत बसले होते. दिवा लागला. मी सुईत दोरा ओवत राहिले. दिवा लागलेलाच. मी म्हटलं, "हॅलो."

मग कपाटावरून, घसा खाकरत, "हॅलो. आई, मी आहे."

"कळलं."

तिकडे कुठेतरी गाडी गेल्याचा आवाज आला, त्याच्या खोलीतली खुर्ची करकरली. मी घड्याळ बघितलं. सवय. एक मिनिट, दोन मिनिटं, तीन.

"बोलणं झालं का?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

"मग राहू दे लाइन," मी म्हणाले, आणि पुढचा हूक लावायला घेतला.